बेबिंका तिसऱ्यांदा बिघडली, उद्या संध्याकाळपर्यंत हवीय. मदत हवी आहे

मृणाल_पुणे (२३ डिसेंबर, सकाळी ९:४०)
बेबिंका म्हणजे गोव्याची थराथरांची मिठाई, पण माझे थर रबरासारखे होतायत. सुरी लावली की वाकतात, कापले जात नाहीत. वरून रंग येत नाही, पिवळीफटक राहते. चौथा थर घालेपर्यंत खालचे दोन एकमेकांत मिसळलेले असतात. प्रमाण: मैदा १ वाटी, नारळाचं दाट दूध अर्धा लिटर, साखर ३५० ग्रॅम, अंडी १०, तूप, जायफळ.

समोरच्या आंटी मूळच्या मडगावच्या. गेली १८ वर्षं दर नाताळला त्यांच्याकडून क्रोशाच्या रुमालाने झाकलेलं ताट येतं. दोदोल, नेवऱ्या, कुलकुल आणि बेबिंकेची एक जाड वडी. यंदा त्यांचा उजवा हात मोडलाय. या वेळी ताट आमच्याकडून जायला हवं आणि त्यात बेबिंका हवीच. पाककृतींच्या लिंका नकोत, वीसेक पाहून झाल्यात. चुकतंय कुठे तेवढं सांगा.

नीलिमा६४ (९:५८)
आंटींनाच का नाही विचारत? समोरच तर राहतात.

मृणाल_पुणे (१०:०१)
त्यांना न सांगता करायचीय. नाहीतर मोडक्या हाताने येऊन उभ्या राहतील.

सासष्टीकार (१०:१५)
ओव्हन कुठला ते लिहिलं नाहीत. ओव्हनात बेबिंका होते, पण ती आमच्या आजीच्या बेबिंकेसारखी नाही. मातीचं भांडं, वर पत्रा, पत्र्यावर नारळाच्या सोडणांचे निखारे. बेबिंकेला आच वरून लागते, खालून जवळजवळ नाहीच. आजी दर थराला पत्रा चिमट्याने उचलायची, चमचाभर तूप सोडायची, मग पुढचा थर. सकाळी बसली की दुपारचं जेवण होईपर्यंत उठत नसे. तुम्ही खडकीला वगैरे मातीचं भांडं मिळतं का बघा.

मृणाल_पुणे (१०:२२)
मी तिसऱ्या मजल्यावर राहते, निखारे कुठे पेटवू? साधा ओव्हन आहे हो, मायक्रोवेव्हमधला. कन्व्हेक्शन, १८०.

अनघा_श्टुटगार्ट (१०:४०)
मग रंग न येण्याचं कारण तेच. कन्व्हेक्शनमध्ये पंखा गरम हवा चहूकडून फिरवतो. थर आतून शिजतो पण वरून भाजत नाही. न भाजलेल्या थरावर पुढचं मिश्रण ओतलं की दोन्ही एक होणारच. इथे जर्मनीत डिसेंबरात बाउमकुखन नावाचा थरांचा केक खातात, त्याचंही असंच. दुकानातला फिरत्या दांड्यावर भाजतात, घरी लोक टिनमध्ये ग्रिलखाली एकेक थर करतात. तुमच्यात ग्रिल असेलच. नुसतं ग्रिल लावा, मायक्रोवेव्हबरोबरचं कॉम्बो नको, डबा धातूचा असेल तर मुळीच नको. ग्रिल आधी तापवा, डबा उंच जाळीवर ठेवा.

पाककला_वर्षा (११:०५)
माझी बिनअंड्याची बेबिंका करून बघा. कंडेन्स्ड मिल्क १ डबा, कॉर्नफ्लोअर ४ चमचे, नारळाचं दूध. नॉनस्टिक तव्यावर अर्ध्या तासात होते. आमच्याकडे सगळ्यांना आवडली.

सासष्टीकार (११:१२)
ताई, ती वडी चांगली लागत असेल, पण तिला बेबिंका म्हणू नका. २०२३ मध्ये गोव्याच्या बेबिंकेला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय. पिवळा बलक, नारळाचा रस, तूप आणि वरची आच यांच्याशिवाय ती होत नाही.

पाककला_वर्षा (११:२०)
ज्यांच्या घरी अंडं चालत नाही त्यांनी नाताळचं काही गोड करूच नये का? मी मदत म्हणून लिहिलं.

दर्यावर्दी_रत्नागिरी (११:३४)
जहाजावर आमचा कुक फिलिपिनो होता. त्यांच्याकडे नाताळला बिबिंका असते. १६ ते २४ डिसेंबर पहाटेची प्रार्थना झाली की चर्चबाहेर गरम गरम विकतात. तांदळाच्या पिठाची, केळीच्या पानावर, खाली निखारे आणि वरही निखारे. नाव तेच, वरची आचही तीच, पण थर नाहीत. ती गोव्याहून तिकडे गेली असणार.

सासष्टीकार (११:४१)
किंवा तिकडून इकडे आली असेल. नावावरून कूळ ठरवू नका.

नीलिमा६४ (११:५५)
वसईला माझ्या मैत्रिणीकडे रव्याचा, नारळाचा थाळी केक असतो नाताळला. तो सोपा आहे.

शुभदा_मालवण (दुपारी १२:१०)
सगळे ओव्हनवर बोलतायत, रबराचं कुणी विचारलंच नाही. मृणाल, अंडी १० म्हणजे १० पिवळे बलक की अख्खी अंडी फोडून घातलीस?

मृणाल_पुणे (१२:१४)
अख्खी. अंडी १० म्हणजे अंडीच ना?

शुभदा_मालवण (१२:३१)
अगं, तिथेच घोळ झाला. बेबिंकेत फक्त बलक घालतात. पांढऱ्याने थर फुगतो, मग बसतो आणि चामट होतो. बलक साखरेबरोबर हाताने फेट, मिक्सर नको, फेस नको. त्यात दूध, मग मैदा, आणि सगळं गाळून घे. गुठळी राहिली तर थरात पांढरा ठिपका दिसतो. आणखी एक, मैदा तळाशी बसतो. प्रत्येक थराआधी मिश्रण तळापासून ढवळलं नाहीस तर पहिले थर पातळ आणि शेवटचे पिठूळ होतात. डब्यात आधी दोन चमचे तूप कडकडीत तापव, मग पहिला थर. घड्याळ बघू नकोस, वर तपकिरी डाग पडले की तूप आणि पुढचा थर. पांढरं टाकू नकोस, उद्या ऑम्लेट.

अनघा_श्टुटगार्ट (१२:५०)
हे बरोबर. थर किती करणार? पारंपरिक १६ म्हणतात.

शुभदा_मालवण (१२:५५)
७ पुष्कळ झाले. १६ चा हट्ट धरलास तर रात्र जाईल.

मृणाल_पुणे (रात्री १०:५०)
तीन थर झाले. पहिल्यांदाच वर डाग पडले, डोशासारखे. कडेला तूप उकळतंय आणि थर वाकवला तर तुटतो, ताणला जात नाही. शुभदाताई, अनघा, दोघींचे मनापासून आभार.

जायफळाचा वास जिन्यात गेला असणार. आंटींचा फोन आला, काय भाजतेस गं म्हणून. खोटं बोलवलं नाही. थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यातून काढू नकोस, उद्या दुपारी काढ. आता चौथा थर घालते.