पेनांगहून थायलंड ट्रेनने: आईला घेऊन जमेल का?

समीर_चिपळूण
नमस्कार मंडळी. मी, बायको आणि आई (वय ६८, गुडघे कुरकुरतात, पूर्ण शाकाहारी) नोव्हेंबरअखेर क्वालालंपूर, पेनांग करून थायलंडमधल्या क्राबीला जाणार आहोत. पुन्हा विमान नको, सीमा जमिनीवरून ओलांडू, असं मनात आहे. मलेशियाच्या लंकावी बेटावरून थायलंडच्या को लिपे बेटाला बोट असते असंही वाचलं. आईला सोपं काय? बॉर्डरवर किती पळापळ होते?

काकू_पेनांगवाली
समीर, आई बरोबर आहेत ना? मग डोळे मिटून ट्रेन. माझ्या सासूबाईंना मी असंच नेते.

पेनांगच्या जॉर्जटाउनहून फेरीने बटरवर्थला उतरायचं, स्टेशन जवळच आहे. तिथून पादांग बसारला लोकल मिळते, दोनेक तास लागतात. केदाहची भातशेती सुरू झाली की सासूबाई खिडकी सोडत नाहीत, "लावणी उशिरा झालीय यांची" वगैरे शेरे चालू.

पादांग बसार स्टेशन मलेशियाच्या हद्दीत आहे, पण दोन्ही देशांचे इमिग्रेशन तिथेच, एका छपराखाली. मलेशियाची खिडकी झाली की चार पावलांवर थाई खिडकी. पुढे हाट याई या थाई शहराची गाडी, तासाभराचं अंतर. रिक्षा नाही, दलाल नाही. बॅगा तेवढ्या हलक्या ठेवा, जिने असतातच. हाट याईहून क्राबीला व्हॅन मिळते.

लोक फसतात ते घड्याळात. थायलंड मलेशियाच्या एक तास मागे, आणि थाई गाडी थाई वेळेने सुटते. हाट याईच्या गाड्या दिवसाला मोजक्याच, तेव्हा तिकिटावरची वेळ कुठली ते खिडकीवरच विचारून घ्या.

मलेशिया आणि थायलंड दोघांचीही डिजिटल अरायव्हल कार्डं आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायची. थायलंडचं १ मे २०२५ पासून सक्तीचं आहे. दोन्ही फुकट! पैसे मागणारी साइट उघडली तर लगेच बंद करा. व्हिसाचे नियम मात्र तिकीट काढायच्या आठवड्यात सरकारी साइटवर पुन्हा बघा, हल्ली सारखे बदलतात.

आता खरं सांगू? तुझा महिनाच चुकीचा आहे. आपण कोकणातली माणसं, दसरा गेला की छत्री माळ्यावर. पण हाट याई पडतं थायलंडच्या आखाताच्या बाजूला, तिथे ईशान्य मोसमी पाऊस नोव्हेंबर-डिसेंबरात झोडपतो. २०१० आणि २०२५ या दोन्ही वर्षी शहर नोव्हेंबरातच बुडालं होतं. क्राबी अंदमान समुद्रावर, तिथे त्याच सुमारास उघडीप व्हायला लागते. म्हणजे तू कोरड्या किनाऱ्यावर पोचायला ओल्या गावातून जाणार. फेब्रुवारीत या, दोन्हीकडे ऊन.

दर्यावर्दी_मालवण
काकूंना अनुमोदन. लिपेची बोट हंगामी आहे, आपल्याकडे पावसाळा असतो तेव्हा साधारण बंदच. मी गेलो तेव्हा मोठी बोट किनाऱ्यापर्यंत आलीच नाही. मध्येच लांब शेपटाच्या होडीत उतरवलं, आणि शेवटी चपला हातात घेऊन गुडघाभर पाण्यातून वाळूवर. पासपोर्ट बोटवाल्यांनी आधीच गोळा केलेले. इमिग्रेशनची टपरीवजा कचेरी किनाऱ्यालाच, तिथे नावं पुकारून परत देतात. माझ्या आडनावाचं त्या पोरीने जे काय केलं, ते ऐकून मी बराच वेळ जागचा हललोच नाही. मजा आली, पण दुखऱ्या गुडघ्यांना नको.

समीर_चिपळूण
काकू, दादा, मनापासून आभार. फेब्रुवारी ठरला, बायकोने रजाही टाकली. आईच्या जेवणाचं मात्र टेन्शन आहे. थायलंडमध्ये भाजीतही फिश सॉस घालतात म्हणे?

काकू_पेनांगवाली
घालतात. म्हणून पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं असलेलं दुकान शोधायचं. ते 'जे' जेवण: मांस, मासे, अंडं नाही, फिश सॉस नाही, आणि कांदा-लसूणही नाही! सासूबाईंनी चातुर्मासात सुद्धा निर्धास्त खाल्लं. दूध-दही मात्र मिळणार नाही, ताकाची सवय असेल तर पेनांगच्या लिटल इंडियात आधीच पिऊन घ्या.

आणि परतीचं विमान मलेशियातून असेल तर एक लक्षात ठेव. थायलंडमध्ये हिरव्या पानाचं चित्र असलेल्या गोळ्या-बिस्किटं विकायला दिसतील. ती गांजाची असतात, आणि मलेशियात त्याला फार कडक शिक्षा आहे. आईंना सांग, नातवंडांसाठी खाऊ घेताना आधी तुला दाखवायचा.