पाप धर्माने ठरवायचं आणि शिक्षा पोलिसांनी द्यायची? (चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

भीमाकाठ

आषाढीच्या सुमारास आपल्या सोलापूर जिल्ह्यात हा वाद निघतोच. यात्रेपुरती पंढरपुरातली दारूची दुकानं बंद ठेवता, मग कायमची का नाही? दारू पाप, मांस पाप, मग तीर्थक्षेत्री पापाला परवाना कशाला? माझं मत स्पष्ट आहे. पापाचा न्याय देव, गुरू आणि ज्याचं त्याचं मन करेल. दंडाचा कायदा फक्त दुसऱ्याला होणाऱ्या अपायावर असावा.

यात्रेतल्या बंदीचा आधार आधी नीट पाहा. जिल्हाधिकारी दारूबंदी कायद्याच्या कलम 142 खाली आदेश काढतात आणि त्या कलमात कारण सार्वजनिक शांततेचं आहे. चंद्रभागेच्या वाळवंटात लाखो माणसं असताना एका झिंगलेल्या माणसामुळे ढकलाढकली झाली तर जीव जातात. हे कारण नास्तिकालाही पटतं. मूळ 1949 च्या कायद्याचंही तेच. बलसारा खटल्यात सुप्रीम कोर्टाने 1951 साली तो बराचसा कायम केला, पण औषधी आणि प्रसाधनातल्या अल्कोहोलवरची बंदी उडवली. कायद्याच्या बाजूने विचारात घेतलं गेलं ते घटनेचं कलम 47, म्हणजे सार्वजनिक आरोग्य.

कायद्याने नीतिरक्षणाचं काम अंगावर घेतलं की काय होतं, त्याचा नमुना म्हणजे जुन्या दंडसंहितेचं कलम 497. परस्त्रीशी संबंध ठेवणारा पुरुष गुन्हेगार, पण नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नाही, आणि नवऱ्याने फसवलेल्या बायकोला तक्रारीचा हक्क नाही. 1860 पासून चाललेलं हे कलम 27 सप्टेंबर 2018 ला रद्द झालं. व्यभिचार आजही घटस्फोटाचं कारण आहे आणि ते असावंच. विश्वासघाताची दाद दिवाणी कोर्टात मिळते, तिथे तुरुंगाचं काय काम?

साखरपेठ

पाप आणि गुन्हा यांच्यात इतकी सरळ भिंत कधीच नव्हती. चोरी, खून, खोटी साक्ष ही सगळी आधी पापं होती, मग दंडसंहितेत आली. लोकांच्या मनात कशाला तरी वाईट म्हणण्याची धमक असते म्हणून कायदा टिकतो. ती काढून घेतलीत तर उरतं फक्त हवालदाराचं भय.

आणि आपल्याच गावाचा इतिहास आठवा. मे 1930 मध्ये रूपाभवानीच्या बाजूला लोक शिंदीची, म्हणजे दारूसाठी रस देणारी, झाडं तोडायला गेले, गोळीबार झाला, पुढे मार्शल लॉ लागला, आणि 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात चार सोलापूरकर फासावर गेले. शिंदीच्या झाडावर कुऱ्हाड घालणाऱ्यांच्या मनात सरकारच्या अबकारी महसुलावर घाव घालायचा होता आणि दारू हा अधर्म आहे अशी खात्रीही होती. तुम्ही या दोन्ही गोष्टी कशा वेगळ्या काढणार?

तीर्थक्षेत्राची गोष्ट तर आणखी वेगळी. तिथे येणाऱ्याला पवित्र वातावरण मिळावं ही लाखोंची अपेक्षा आहे. तिला किंमत नाही असं म्हणणं हाही एक पंथच झाला.

जुनी गिरणी

साखरपेठ, 1930 बद्दल बोललात ते बरोबर. पण पंढरपूरचंच 1947 घ्या. अस्पृश्यांनी विठ्ठलाच्या पायावर डोकं ठेवणं हे तेव्हा शास्त्राच्या नावाने पाप ठरवलेलं होतं. साने गुरुजींना मे महिन्यात त्यासाठी उपोषणाला बसावं लागलं. पुढे 1955 च्या कायद्याने देवळात येऊ न देणाऱ्यालाच गुन्हेगार ठरवलं. म्हणजे कालचं पाप आज हक्क झाला आणि कालचा धर्म आज गुन्हा झाला. पापाची यादी कायद्यात उतरवायची तर कोणत्या सालची उतरवायची?

1891 च्या संमतिवयाच्या कायद्याचंही तसंच. शरीरसंबंधासाठी मुलीचं किमान वय 10 वरून फक्त 12 करायचं होतं, तर गर्भाधान संस्कार बुडेल आणि पाप लागेल म्हणून केवढा विरोध झाला. लहान मुलीचा देह वाचवणं हे काम तेव्हाही अपाय मोजणाऱ्यांनीच केलं.

विडी घरकुल

वरच्या सगळ्या दादांना नमस्कार. वस्तीतल्या बाईला दारू पाप आहे की अपाय, याने काही फरक पडत नाही. हजार विड्यांच्या हिशोबाने मिळालेली मजुरी संध्याकाळी गुत्त्यावर जाते, हा तिचा प्रश्न. त्यासाठी जो रस्ता आहे तो नीट समजून घ्या, कारण बहुतेक ठिकाणी तो अर्ध्यावर फसतो.

2008 च्या शासन आदेशाप्रमाणे गावातल्या किंवा वॉर्डातल्या 25 टक्के महिला मतदारांनी, किंवा एकूण मतदारांपैकी 25 टक्क्यांनी, लेखी मागणी केली की सह्यांची पडताळणी होते आणि गुप्त मतदान घेतलं जातं. मतपत्रिकेवर उभी बाटली (दुकान चालू) आणि आडवी बाटली (दुकान बंद). आडवीला निम्म्याहून जास्त मतं हवीत. पण निम्मी कशाची? झालेल्या मतदानाची नाही, यादीतल्या एकूण महिला मतदारांची. यादीत 1,200 बायका असतील तर सह्या 300 लागतात आणि आडव्या बाटलीला 601 मतं लागतात. समजा 800 जणी आल्या आणि 590 जणींनी आडवी केली, म्हणजे चौघींपैकी जवळपास तिघींनी, तरी दुकान चालूच राहतं.

यादीत सासरी गेलेल्या मुली असतात, मयत असतात, ऊसतोडीला गेलेल्या असतात. त्या सगळ्या न येता उभ्या बाटलीच्या बाजूने मोजल्या जातात. सह्यांचंही तसंच. यादीतलं नाव एक आणि सही दुसऱ्या नावाने, अंगठ्याला साक्षीदार नाही, यादी क्रमांक लिहिलेला नाही, असे कागद पडताळणीत गळतात. म्हणून 25 टक्क्यांवर न थांबता 35 टक्क्यांपर्यंत सह्या घ्याव्यात.

या रस्त्यात कुणाला पापी ठरवावं लागत नाही. ज्यांच्या घरावर परिणाम होतो त्या ठरवतात. मला कायदा हवा आहे, पण असा. वरून लादलेली जिल्हाबंदी नको, कारण ती आली की परवान्याचं दुकान जातं आणि हातभट्टी राहते.

साखरपेठ

ताई, तुमचा मार्ग मला मान्य आहे. पण मतदानाला येणाऱ्या त्या 590 जणींच्या मनात काय असतं? देवळात घेतलेली शपथ असते, कीर्तनात ऐकलेलं असतं. धर्माने दिलेलं बळ घ्यायचं आणि कायद्यात त्याचं नाव घ्यायचं नाही, हे मला पटत नाही.

हातभट्टी राहते म्हणून बंदी नको, हाही मुद्दा अपुरा आहे. चोऱ्या थांबत नाहीत म्हणून चोरीचं कलम कुणी काढत नाही. गडचिरोलीत 1993 पासून बंदी आहे आणि तिथल्या गावागावातल्या बायका तिला धरून आहेत.

सिव्हिल चौक

गडचिरोली सांगितलंत, शेजारचं चंद्रपूरही सांगा. 1 एप्रिल 2015 ला बंदी लागली आणि अवैध विक्री व गुन्हे वाढल्याचं कारण देत 27 मे 2021 ला मंत्रिमंडळाने ती उठवली.

मला मात्र विषारी दारूबद्दल बोलायचं आहे, कारण पापाचा कायदा प्रत्यक्ष माणूस कसा मारतो ते तिथे दिसतं. लोकांना वाटतं भट्टी बिघडली की विष होतं. गूळ किंवा मळी आंबवून जे तयार होतं त्यात मुख्यतः इथिल अल्कोहोल (इथेनॉल) असतं. मोठ्या दुर्घटना बहुतेक वेळा कारखान्यात वापरायचं मिथिल अल्कोहोल (मिथेनॉल) चोरून आणून मिसळल्यामुळे होतात. ते स्वस्त पडतं आणि वासावरून कळत नाही. 2015 च्या मुंबईतल्या मालवणी दुर्घटनेत शंभरावर माणसं गेली. जुलै 2022 मध्ये बोटादला 40 च्या वर गेली, आणि गुजरातेत लागू आहे तो आपलाच 1949 चा मूळ कायदा.

आता वेळेचं गणित बघा. मिथेनॉल पोटात गेल्यावर साधी नशा होते. यकृतात त्याचं फॉर्मिक आम्ल व्हायला वेळ लागतो, म्हणून बारा ते चोवीस तास माणूस ठीक दिसतो. सोबत साधी दारू घेतली असेल तर आणखी उशीर होतो. मग पोटदुखी, उलटी, डोळ्यांसमोर पांढरं धुकं, धाप. दहा मिलिलिटरही डोळे घालवू शकतं, तीस मिलिलिटरच्या पुढे जीव जाऊ शकतो. उपाय आहेत: फोमेपिझोल, ते नसेल तर डॉक्टरांच्या देखरेखीत इथेनॉल, आम्लता कमी करायला सोडाबायकार्ब, आणि डायलिसिस. पण त्रास सुरू झाल्यावर ते पहिल्या काही तासांत मिळाले तरच डोळे वाचतात.

दारू पिणंच गुन्हा असेल तर पेशंट काय सांगतो? पित्त झालं, जेवण बाधलं. घरचे पण तेच सांगतात, कारण पोलीस येतील आणि वर समाजात नाव जाईल. डॉक्टर पित्ताची गोळी देतो आणि आठ तास जातात. म्हणून पिणाऱ्यावरचा गुन्हा काढा असं मी म्हणतो. विकणाऱ्यावर, आणि त्याहून जास्त मिथेनॉलची टाकी रिकामी करून देणाऱ्यावर, लागेल तेवढं कडक कलम लावा.

आत्महत्येच्या प्रयत्नाचंही असंच होतं. पाप म्हणून हिणवलेलं आणि कलम 309 ने गुन्हा केलेलं. विष घेतलेला माणूस चुकून घेतलं असं सांगायचा आणि मानसोपचार राहून जायचा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरायला सांगितलं आणि नव्या न्याय संहितेत ते सरसकट कलम राहिलंच नाही. प्रयत्न करणाऱ्याला टाके घालताना जबाब घ्यायची घाई कमी झाली, हे मोठं काम झालं.

कडबा

गोवंशाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. गोहत्याबंदी कायद्याची 1995 ची दुरुस्ती मार्च 2015 मध्ये राष्ट्रपतींच्या मंजुरीने लागू झाली आणि गाईसोबत बैल, वळूही आले. शिक्षा पाच वर्षांपर्यंत, दंड दहा हजारांपर्यंत. 6 मे 2016 ला हायकोर्टाने कत्तलबंदी कायम ठेवली, पण परराज्यात कापलेलं मांस जवळ बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम 5ड रद्द केलं. माणूस घरात काय खातो यात सरकारने डोकावू नये, हे त्यातलं सूत्र.

शेतकऱ्याच्या बाजूने हिशोब असा. चारशे किलोच्या खिलार बैलाला वजनाच्या अडीच टक्के धरून रोज दहा किलो सुका चारा लागतो, महिन्याला तीन क्विंटल. सांगोल्याच्या बाजारात पूर्वी म्हातारा बैल विकून आलेल्या पैशात थोडी भर घातली की नवा गोऱ्हा यायचा. आता म्हाताऱ्याला गिऱ्हाईक नाही, म्हणून नवा घेणंही परवडत नाही, म्हणून ट्रॅक्टर भाड्याने. ज्या जनावराला वाचवायचं त्याचीच पैदास शेतकरी सोडतोय. दुष्काळात चारा छावणी बंद झाल्यावर तर बैल रस्त्यावरच येतो बघा की.

पूज्य मानणाऱ्यांचा मी आदर करतो, आमच्या दारातही बेंदराला पुरणपोळी बैलाला आधी. पण पुण्य सगळ्यांचं आणि चाऱ्याचा खर्च एकट्या शेतकऱ्याचा, हा न्याय नाही.

साखरपेठ

घटनेचं कलम 48 गोरक्षण सांगतं ते शेती आणि पशुपालनाच्या शीर्षकाखाली, हे लक्षात घ्या. तिथे पापाचा शब्द नाही. तुमचा चाऱ्याचा मुद्दा खरा आहे, त्यावर उत्तर म्हणजे सरकारने म्हाताऱ्या बैलामागे अनुदान द्यावं. बंदी घालणाऱ्या समाजाने खर्च उचलायला हवा, इथे मी तुमच्याच बाजूला आहे. पण खर्च येतो म्हणून श्रद्धा सोडा, हे नाही.

नई जिंदगी

आमच्या मजहबात व्याज घेणं आणि देणं दोन्ही मोठं पाप. तरी व्याजावर बंदीचा कायदा करा असं आम्ही म्हणत नाही, आणि म्हणू पण नये. कायद्याने काय केलं बघा: 2014 चा सावकारी नियमन कायदा. परवाना लागतो, दर ठरलेले आहेत, शेतकऱ्याला तारणावर वर्षाला 9 टक्के आणि विनातारण 12, इतरांना 15 आणि 18. बेकायदेशीर सावकाराने बळकावलेली जमीन परत मिळायची तरतूद आहे. ज्याला व्याज हराम वाटतं तो घेत नाही, ज्याला नाही वाटत त्याची लूट होत नाही. हा कायदा पापाच्या आधारावर केला असता तर एक तर सगळ्या पतसंस्था बंद, नाही तर कायदा कागदावर.

या शहरात लिंगायत आहेत, पद्मशाली आहेत, जैन आहेत, आम्ही आहोत, धनगर, बौद्ध, ख्रिस्ती आहेत. जैनांना कंद वर्ज्य, आम्हाला डुक्कर आणि दारू, कुणाला मासे चालतात कुणाला नाही. प्रत्येकाने आपली यादी विधानसभेत नेली तर शेवटी ज्याचे आमदार जास्त त्याचं पाप गुन्हा होणार. मग तो धर्म कुठे राहिला भाऊ, ती मोजणी झाली.

भीमाकाठ

नई जिंदगी यांच्या मुद्द्याला जोड देतो. धर्माच्या प्रांतात कायदा शिरूच नये असं मी म्हणत नाही. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा शिरतो, पण कसा? अनुसूचीत 12 कृत्यं नेमकी लिहिली आहेत: भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण, साप चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देणं, नरबळी, वगैरे. प्रदक्षिणा, यात्रा, वारी, कीर्तन, प्रवचन स्पष्ट वगळलं आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. कुणाच्या श्रद्धेची परीक्षा नाही, कुणाच्या अंगावर हात पडला एवढंच पाहायचं.

उलट बाजूला जातपंचायती. आंतरजातीय लग्न पाप म्हणून दंड, वाळीत टाकणं, मयताला खांदा न देणं. हीच खाजगी पापसंहिता आहे आणि तिच्याविरुद्ध आपल्याला 2016 चा सामाजिक बहिष्कार कायदा करावा लागला. 3 जुलै 2017 पासून तो लागू आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पंचांकडून काढून घेतलेला हा अधिकार सरकारच्या हाती तरी का द्यायचा?

आणि वारकरी माळ घालतो तेव्हा दारू, मांस स्वतः सोडतो. मोडलं तर माळ उतरवावी लागते, मनाला लागतं, फडावर, म्हणजे वारकऱ्यांच्या गटात, मान जातो. फौजदार येत नाही, तरी ही शिस्त पिढ्यान् पिढ्या चालली आहे.

साखरपेठ

सिव्हिल चौकच्या डॉक्टरांच्या म्हणण्यावर विचार करून लिहितो. दारूबंदी कायद्याच्या कलम 66 मध्ये रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल निघालं की निर्दोष असल्याचं आरोपीनेच दाखवायचं, अशी तरतूद आहे. उपचाराला आलेल्या माणसावर ती वापरू नये, हे मी मान्य करतो. पंढरपूर नगरपालिका हद्दीत विक्रीचा परवाना नसावा, ही मागणी मात्र सोडत नाही, आणि त्याचं कारण पावित्र्य आहे, शांतता सुव्यवस्था नाही, हेही उघड सांगतो.

विडी घरकुल

मग साखरपेठ दादा, तिथल्या बायकांची मतं घ्या की. कारण काहीही लिहा, 25 टक्के सह्या आणि निम्म्याहून जास्त मतं लागणारच. त्याआधी मतदार यादी साफ करून घ्या. मयत आणि कायमच्या स्थलांतरितांची नावं काढायला नमुना 7 भरावा लागतो, पत्ता बदलला असेल तर नमुना 8. मयतासाठी मृत्यू दाखल्याची प्रत जोडा म्हणजे बीएलओला (मतदार यादीचं काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्याला) पंचनाम्याची वाट बघावी लागत नाही. सह्या गोळा करण्याच्या आधी हे करा, नंतर नाही. एकूण आकडा 1,200 वरून 1,050 वर आला तर 601 ऐवजी 526 मतं पुरतात.