मदत हवी आहे : लेडी ॲन क्लिफर्डचे किल्ले, गाडीशिवाय कसे बघायचे?

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात आईला घेऊन इंग्लंडमध्ये लीड्सला बहिणीकडे जातोय. तिथून लेडी ॲन क्लिफर्डचे किल्ले बघायची फार इच्छा आहे.

सतराव्या शतकातली ही इंग्रज सरदार घराण्यातली बाई विलक्षण होती. 1605 साली वडील वारले तेव्हा ती 15 वर्षांची, एकुलती एक जिवंत लेक. जुन्या दस्ताप्रमाणे जहागीर थेट वारसाकडे जायला हवी, मग मुलगा असो वा मुलगी. पण वडिलांनी मृत्युपत्रात सगळं आपल्या भावाच्या, म्हणजे तिच्या काकाच्या नावे केलं. ती वर्षानुवर्षं भांडली. 1617 मध्ये राजा पहिला जेम्स स्वतः मध्ये पडला, नवऱ्यानेही दबाव आणला, तरी बाईंनी तडजोड मान्य केली नाही! शेवटी त्या काकाचा मुलगा पुत्राविना वारला आणि 1643 मध्ये इस्टेट तिच्याकडे आली. मग उतारवयात तिने पडके किल्ले पुन्हा उभे केले. स्किप्टन किल्ल्याच्या आतल्या चौकात तिने लावलेलं यूचं (yew, एक सदाहरित वृक्ष) झाड अजून आहे म्हणे, आईला तेच आधी बघायचंय.

स्किप्टन आणि ॲपलबी रेल्वेने जमतील. अडचण पेंड्रॅगन, ब्रफ (Brough) आणि ब्रूम (Brougham) या किल्ल्यांची. कर्कबी स्टीफन स्टेशनवर टॅक्सी मिळते का, की आधी सांगून ठेवावी लागते? आईचे गुडघे दुखतात, तेव्हा चढ-पायऱ्या कुठे जास्त आहेत तेही सांगा. ॲपलबीत एक रात्र राहणं सोयीचं पडेल का?

तिकडे राहणाऱ्यांनी किंवा जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.