मदत हवी आहे: व्हिक्टोरियन केमिओ काचेची अत्तराची कुपी घ्यावी का?

नमस्कार. आमचे वास्तव्य बर्मिंगहॅमजवळ आहे आणि स्टाउरब्रिजचा जुना काच-परिसर येथून फार लांब नसल्याने केमिओ काचेचा, म्हणजे एका रंगाच्या काचेवर दुसऱ्या रंगाच्या काचेचा थर चढवून तो कोरून नक्षी उठवलेल्या काचेचा, नाद लागला आहे. आता एका स्थानिक लिलावात अत्तराची एक छोटी कुपी येत आहे. तिच्याविषयी जाणकारांचे मत हवे आहे.

कुपी तांबूस काचेची आहे, तिच्यावर पांढऱ्या काचेचा थर असून त्यात रानगुलाबाची फांदी आणि मागच्या बाजूला एक फुलपाखरू कोरलेले आहे. भिंगातून पाहिल्यावर पाकळीच्या कडेशी पांढरा थर विरळ होत जातो आणि खालचा तांबूस रंग त्यातून गुलाबी होऊन झिरपतो. पांढरे इनॅमल रंगवून केलेल्या स्वस्त नकलांत ही छटा दिसत नाही, तिथे रंग पृष्ठभागावर साईसारखा बसलेला असतो आणि कुंचल्याचे फटकारेही कळतात. त्यामुळे थर खरा आहे, याबद्दल मला शंका नाही.

शंका वेगळ्याच आहेत. चांदीच्या झाकणावर बर्मिंगहॅमच्या चांदी-तपासणीची खूण असलेला जहाजाचा नांगर, शुद्ध चांदीचा सिंह आणि 1880 च्या दशकातले वर्षाक्षर (वर्ष सांगणारे अक्षर) आहे. पण हा शिक्का झाकणाचे वय सांगतो, काचेचे नव्हे. जुने झाकण नव्या कुपीवर बसवलेले ओळखायचे कसे? काचेच्या मानेवरच्या घासल्याच्या खुणा आणि चांदीची कडी यांच्या जुळणीवरून काही कळते का?

दुसरे, विक्रेता तोंडी ‘वुडॉल’ म्हणतो. जॉर्ज आणि थॉमस हे वुडॉल बंधू थॉमस वेब अँड सन्स या काच-कारखान्यात कारागिरांचा मोठा गट सांभाळत, हे मान्य. तथापि कुपीवर ना सही आहे, ना कारखान्याचा शिक्का. त्या काळी बाजारासाठी केलेल्या वस्तूंत नको असलेला पांढरा भाग हायड्रोफ्लुओरिक आम्लाने काढून बारकावे चाकावर कोरत, आणि अशा पुष्कळ वस्तू बिनशिक्क्याच्याच विकल्या गेल्या. तेव्हा ‘वुडॉल’ नावापोटी एक पौंडही जास्त मोजण्याची माझी तयारी नाही. यात मी फार कंजुषी करतो आहे का?

तिसरी शंका सर्वांत महत्त्वाची आहे. मानेखाली नखाएवढी बारीक रेघ दिसते. दोन थरांच्या काचा थंड होताना सारख्या आकुंचन पावल्या नाहीत, तर ताण आत राहतो. काच-कोरक जॉन नॉर्थवुड यांनी 1876 मध्ये पूर्ण केलेल्या, पोर्टलंड फुलदाणी या प्राचीन रोमन केमिओ फुलदाणीच्या प्रतिकृतीलाही तडा गेला होता. ही रेघ अशा ताणाची असेल, तर पुढे वाढेल का, की नुसता ओरखडा मानून सोडून द्यावी? पलीकडून दिवा धरला असता ती किंचित चमकते, पण नख फिरवून मात्र हाताला लागत नाही.

लिलावापूर्वी वस्तू हाताळून पाहण्याची मुभा आहे. त्या वेळी नेमके काय तपासावे आणि कोणत्या खुणेवर बोली लावायचीच नाही, हे अनुभवी संग्राहकांनी कृपया सांगावे. छायाचित्रे पहिल्या प्रतिसादात देत आहे.