केनेडींच्या परराष्ट्र धोरणावरची १९६० ची टीका: किती खरी, किती प्रचारी?

नकाशावाला:
१९६० च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकन निक्सननी डेमोक्रॅट केनेडींना अननुभवी आणि बेजबाबदार ठरवलं. दुसरीकडे केनेडी सांगत होते की क्षेपणास्त्रांत रशिया पुढे जातोय. ही 'क्षेपणास्त्र तफावत' नव्हतीच, हे पुढे उघड झालं. मग केनेडी थापा मारत होते का? आणि क्यूबावरून निक्सननी त्यांच्यावर केलेली टीका रास्त होती का?

जुनी_फाईल:
थापा म्हणण्याआधी आकडे आले कुठून ते बघा. १९५७ च्या स्पुटनिक या रशियन उपग्रहानंतरचे अमेरिकी अंदाज रशिया किती क्षेपणास्त्रं बांधू शकेल यावर बेतलेले होते, किती उभी आहेत यावर नाही. हवाई दलाचे अंदाज सगळ्यांत फुगलेले (निधीही त्यांनाच हवा होता!). प्रत्यक्षात रशियाचं आर-७ क्षेपणास्त्र म्हणजे अवजड धूड. द्रवरूप ऑक्सिजन डागण्याआधी भरावा लागे आणि तळ प्रचंड खर्चिक, म्हणून ते मोजकेच झाले. अमेरिकेच्या यू-२ हेरविमानांनी रशियाचा थोडाच भाग टिपला होता, आणि १ मे १९६० ला एक पाडलं गेल्यावर ती उड्डाणंही बंद. कोरोना या हेर उपग्रहाची पहिली फिल्म ऑगस्टमध्ये हाती लागली, तरी 'फार तर १० ते २५ लाँचर' हा अंदाज यायला सप्टेंबर १९६१ उजाडला. त्याआधीच, फेब्रुवारीत, केनेडींचे संरक्षणमंत्री मॅक्नामारा पत्रकारांसमोर तफावत नाही असं बोलून गेले आणि व्हाइट हाउसला सारवासारव करावी लागली.
माझा आक्षेप एवढाच: अंदाज डळमळीत असताना केनेडी तो ठाम सत्यासारखा वापरत राहिले.

खाडीपल्याड:
क्यूबाचं प्रकरण जास्त गमतीचं आहे. २० ऑक्टोबरला केनेडींच्या गोटातून क्यूबाचे सत्ताधारी कॅस्ट्रो यांच्याविरोधी 'स्वातंत्र्यसैनिकांना' मदत करा असं निवेदन निघालं. दुसऱ्या दिवशी, चौथ्या डिबेटमध्ये, निक्सन त्यावर तुटून पडले: करारभंग होईल, लॅटिन अमेरिकेतले मित्र तुटतील, संयुक्त राष्ट्रांत निषेध होईल. युक्तिवाद बिनतोड! पण तेव्हाचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी मार्चमध्येच तशा गुप्त योजनेला मंजुरी दिली होती आणि निक्सन तिचे पाठीराखे होते. गुपित झाकायला त्यांनी स्वतःच्याच भूमिकेवर टीका केली.

नकाशावाला:
म्हणजे केनेडींना योजना माहीत होती?

खाडीपल्याड:
तिथे वाद आहे. माहिती मिळाली होती, असं निक्सन म्हणत. सीआयए या गुप्तचर संस्थेचे प्रमुख ॲलन डलेस यांनी ते नाकारलं. निवडून आल्यावर योजना मात्र केनेडींच्याच गळ्यात पडली. एप्रिल १९६१ मध्ये सुमारे १४०० क्यूबन निर्वासित क्यूबाच्या बे ऑफ पिग्ज या खाडीत उतरले आणि तीन दिवसांत खेळ आटोपला. निक्सननी डिबेटमध्ये सांगितलेली किंमत मुख्यतः राजनैतिक होती. उद्दिष्ट साधणार नाही, असंही ते म्हणाले होते, पण लष्करी अपयशाचा मुद्दा त्यांनी मांडला नव्हता.