कारखाना मेक्सिकोला गेला की मतं कुठे जातात?

विदागार: अमेरिकेत २००० साली कारखान्यांतल्या नोकऱ्या सुमारे १ कोटी ७३ लाख होत्या, २०१० पर्यंत १ कोटी १५ लाखांच्या आसपास उरल्या. यावर टिपण लिहायचंय. काम गेलेला कामगार उजवीकडे झुकतो, असं सरसकट म्हणता येईल का?

मधलीओळ: नाही हो. ऑटोर, डॉर्न, हॅन्सन, मजलेसी या अर्थशास्त्रज्ञांनी चिनी आयातीचा फटका बसलेले मतदारसंघ तपासलेत. गोरे बहुसंख्य तिथे जास्त कडवे रिपब्लिकन निवडून आले, अल्पसंख्याक समाजांचं बहुमत होतं तिथे जास्त डावे डेमोक्रॅट. पत्ता कापला गेला तो मवाळांचा. २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत मात्र एकूण फायदा रिपब्लिकनांचाच.

कुलूपबंद: आयातीचा मार आणि काम देशाबाहेर नेणं, यांची गल्लत करू नका. आयातीने कारखाना हळूहळू आटतो, खापर कोणावर फोडायचं ते कळत नाही. कारखानाच उचलला की कंपनी, गाव, तारीख सगळं डोळ्यांसमोर. फेब्रुवारी २०१६ मध्ये एसी बनवणाऱ्या कॅरियर कंपनीने इंडियानापोलिसचं काम मेक्सिकोतल्या मॉन्टेरेला नेण्याची घोषणा केली, सुमारे १४०० नोकऱ्या. त्या घोषणेचा मोबाइलवरचा व्हिडिओ देशभर फिरला आणि ट्रम्पना प्रचाराला आयता मुद्दा मिळाला. स्पेनमध्ये राज्यशास्त्रज्ञ स्टेफनी रिकार्ड यांना दिसलं की काम बाहेर गेलेल्या भागांत सत्ताधाऱ्यांची मतं घटतात. डावं-उजवं नंतर, आधी खुर्चीवरचा.

विदागार: मोजायचं कशावरून?

कुलूपबंद: 'ट्रेड अ‍ॅडजस्टमेंट असिस्टन्स'च्या, म्हणजे परदेशी व्यापारामुळे काम गेलेल्यांना मदत देणाऱ्या सरकारी योजनेच्या अर्जांवरून. तीन कामगार, युनियन किंवा कंपनी अर्ज करू शके, नोकरी गेल्यापासून वर्षाच्या आत. काम आयातीमुळे गेलं की बाहेर नेल्यामुळे, हे कामगार खातं तपासायचं. राज्यशास्त्रज्ञ योतम मार्गालित यांनी २००४ च्या अध्यक्षीय निवडणुकीसाठी हेच वापरलं: परदेशी स्पर्धेमुळे गेलेल्या नोकऱ्या बुश यांना इतर कपातीपेक्षा महाग पडल्या, मदत मंजूर झाली तिथे कमी. पण अर्ज करायला कोणीतरी पुढाकार घ्यावा लागतो, त्यामुळे अर्ज नाही म्हणजे नोकरी गेली नाही, असं समजू नका. शिवाय १ जुलै २०२२ पासून नव्या मंजुऱ्या बंद, पुढची विदा नाही.

मधलीओळ: मतांचे आकडे काउंटीचे (जिल्ह्यासारखा विभाग), नोकऱ्यांचे ये-जा क्षेत्राचे (लोक कामासाठी रोज जिथे ये-जा करतात तो सलग भाग); जुळवताना काउंट्या एकत्र कराव्या लागतात. आणि चिनी आयातीचा आकडा थेट घालू नका. अमेरिकेतली मागणी वाढली तरी तो फुगतो. म्हणून त्याचा आधार म्हणून इतर आठ श्रीमंत देशांची चीनकडून झालेली आयात घेतात. एवढं करूनही निष्कर्ष परिसराबद्दलच निघतो. मत फिरवलं ते काम गेलेल्याने की गिऱ्हाईक आटलेल्या शेजारच्या दुकानदाराने, हे कळायला एकाच माणसाला पुन्हापुन्हा विचारणारं सर्वेक्षण लागतं.