उत्तर: मुरमात शोरिंग (चराच्या बाजूंना द्यायचे टेकू) कशाला?

मुरूम सरळ उभा राहतो, म्हणून दोन-अडीच मीटरच्या चराला टेकू लागत नाहीत, हे म्हणणं मोकळ्या माळावर एक वेळ चालेल. शहरातल्या रस्त्याखाली अजिबात नाही. तिथे शेजारूनच जुनी पाण्याची लाईन, केबल गेलेली असते आणि तिच्या भोवती असतो तो भराव. वरून डांबर अखंड दिसतं, आत माती मोकळी. आमच्या गल्लीत ड्रेनेजचं काम चालू असताना चराच्या कडेपासून हातभर अंतरावर, कडेला समांतर अशी बारीक भेग डांबरावर दिसली. मुकादमाने लगेच माणसं वर घेतली म्हणून बरं. दुपारी ती अख्खी बाजू खाली बसली, कारण उकरलेली सगळी माती काठावरच रचली होती आणि शेजारी जेसीबी उभा.

सीपीडब्ल्यूडीच्या (केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या) नियमांत चर दीड मीटर किंवा त्याहून खोल असेल तर बाजू पायऱ्यांनी मागे घ्या नाहीतर फळ्या-बल्ल्यांनी धरून ठेवा, असं स्पष्ट आहे. माती काठापासून दीड मीटर किंवा चराच्या खोलीच्या निम्मी, यातलं जे जास्त असेल तितकी लांब टाकायची. एक घनमीटर माती दीड टनाच्या आसपास भरते. छातीपर्यंत गाडला गेलेला माणूस तोंड मोकळं असूनही गुदमरतो, बरगड्या हलायलाच जागा राहत नाही. आणि कुणी अडकलाच तर जेसीबीचं बकेट त्याच्याजवळ घालू नका, दोर बांधून ओढूही नका. अग्निशमन दलाला १०१ वर फोन करा आणि काठावरची गर्दी आधी हटवा, त्या वजनानेच दुसरी बाजू सुटते.